रेषेपलीकडचं हरीण

१४ ऑक्टोबर २०२१

प्रिय जेनेल,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. तुझी आई ठणठणीत आहे, कुणी गेलेलं नाही. मी पत्र लिहितोय म्हणजे नक्की कुणीतरी गेलं असणार, असं तुला वाटलं तर त्यात तुझी चूक नाही.

इकडे सगळं ठीक आहे. मॅपलची पानं यंदा लवकर गळली. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये चिकन-बिस्किटांचं गावजेवण परत सुरू झालंय, पण साथीच्या भीतीने निम्मे लोक डबे भरून घरी नेतात, त्यामुळे गप्पा काही रंगत नाहीत. माझा उजवा गुडघा कामातून गेलाय. ऐंशीला आलेल्या माणसाचं रडगाणं तुला काय कौतुकाचं! सोडून दे.

मुद्द्यावर येतो. मागच्या मंगळवारी घरी एक माणूस आला होता. इस्त्रीचा शर्ट, आमच्या चिखलात एक दिवसही न टिकणारे बूट. दारातच म्हणाला, "मी न्यूयॉर्कमधल्या एका वकिलांच्या ऑफिसातून आलोय. एल्वुड तुम्हीच ना? शहाऐंशी सालच्या हरणाबद्दल थोडं विचारायचं होतं."

न्यूयॉर्क, वकील आणि हरीण. तिन्ही शब्द एका दमात. मी घाबरलो. का ते तुला ठाऊक आहे, लिहून दाखवायला नको. आपल्याकडे तेव्हा शिकारीचा परवाना फक्त पेनसिल्वेनियाचा होता, एवढंच म्हणतो.

मी त्याला आत बोलावलं, कॉफी दिली. भिंतीवरचं त्याच हरणाचं डोकं दाखवलं, दहा फाट्यांची शिंगं. त्याने खरंच मान वर करून बघितलं. "आणि हे पाडलंत कुठे?" मी म्हणालो, "आपल्याच बाजूला, पेनसिल्वेनियात, आमच्या शिकारीच्या कॅम्पच्या वरच्या उतारावर." "त्या रात्री तुमची मुलगी कुठे होती?" मी म्हणालो, "आमच्याच कॅम्पात झोपली होती. पाय मुरगळला होता तिचा." पस्तीस वर्षं हीच गोष्ट सांगत आलोय, जीभ आपोआप चालते. त्याने ते टाइप करून आणलं, दुसऱ्या दिवशी बँकेत नोटरीसमोर मी शपथेवर सही केली. सही करताना वाटलं, सुटलो बाबा, हरणाचं बालंट टळलं.

संध्याकाळी तुझ्या आईला सांगितलं. ती भांडी घासत होती. तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "एल्वुड, तो माणूस हरणासाठी नव्हता आला. जेनेलने तुझ्या जुन्या मालकावर, मर्लवर दावा लावलाय. न्यूयॉर्कच्या कोर्टात. उन्हाळ्यातच."

मला खरंच माहीत नव्हतं. तू आईशी दर रविवारी बोलतेस, तिने कधी सांगितलं नाही. तिने का सांगितलं नाही तेही मला कळतं.

तुझ्याविरुद्ध मी एक शब्दही बोललेलो नाही, हे कळावं म्हणून लिहितोय.

डॅड


६ नोव्हेंबर २०२१

जेनेल,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळींची चिठ्ठी घरात वाचून होत नव्हती म्हणून गाडीत जाऊन वाचली.

मी एक शब्दही तुझ्याविरुद्ध बोललो नाही असं लिहिलं होतं. तुझ्या वकीलबाईंनी मला फोन केला. आवाज मऊ, पण समजावणं असं की शाळेत ठोंब्या पोराला समजावतात तसं. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला.

त्यांनी जे सांगितलं ते मला कळलं ते असं. दोन राज्यांमधल्या रेषेच्या या बाजूला, आपल्या पेनसिल्वेनियात, लहान वयात कुणावर असा अत्याचार झाला तर तेव्हाच्या कायद्याने दिवाणी दाव्याची मुदत विसाव्या वर्षी संपत होती. तू वीस वर्षांची झालीस त्या वाढदिवसाला तुझा हक्क संपला. केक आम्हीच कापला असेल. पुढे कायदा सुधारला, पण ज्यांची मुदत आधीच गेली होती त्यांचं दार उघडलं नाही. आणि पलीकडे, न्यूयॉर्कमध्ये, त्यांनी जुन्या प्रकरणांतल्या सगळ्यांसाठी काही काळ दार उघडलं. तू ते बंद व्हायच्या आत शिरलीस. पण तिथे घडलेलं असेल तरच. मर्लची शिकारीची लाकडी केबिन न्यूयॉर्कमध्ये आहे याबद्दल कुणाचा वाद नाही. वाद एवढाच, की त्या रात्री तू त्या केबिनमध्ये होतीस, की आपल्या कॅम्पात.

मर्लची वकील कोर्टात म्हणतेय: तिच्या सख्ख्या बापानेच शपथेवर सांगितलंय, ती पेनसिल्वेनियात होती. मग काही घडलंच असेल तर ते पेनसिल्वेनियात, आणि तिथली मुदत कधीच संपली. खटला काढून टाका.

मी वकीलबाईंना विचारलं, "अहो, मर्लच्या केबिनपासून आमच्या कॅम्पापर्यंत चालत पाऊण तासही नाही. रेष म्हणजे झाडीतला एक दगड, त्यावर शेवाळ. हरणांना ती माहीत नाही. इकडे झालं तर काहीच झालं नाही आणि तिकडे झालं तर गुन्हा, हा कसला न्याय?"

त्या म्हणाल्या, "मीही हेच म्हणते. पण कायदा दोन राज्यांचा दोन आहे, आणि तुम्ही तिला चुकीच्या राज्यात ठेवलंय."

मी फोन ठेवला.  

तुझी चिठ्ठी माझ्यासमोर आहे. तू म्हणतेस, "राज्य कुठलं ते मी तुम्हाला विचारत नाही, ते माझी वकील विचारेल. मला एवढंच सांगा, तुम्ही त्या केबिनमधून निघालात तेव्हा मी काय म्हणाले होते?"

जेनेल, इतकी वर्षं झाली. मला नाही आठवत. खरंच नाही आठवत.

डॅड


२८ नोव्हेंबर २०२१

जेनेल,

उद्या सोमवार आहे. पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार म्हणजे हरणांचा पहिला दिवस, शाळेला सुट्टी, पोरं-बाया-म्हातारे सगळे नारिंगी कपडे घालून डोंगरात. आता शनिवारी सुरू होतो, पण माझ्या डोक्यातून सोमवार जात नाही. शहाऐंशीत तू चौदा वर्षांची होतीस आणि थंडीत माझ्यापेक्षा जास्त वेळ हलल्याशिवाय बसायचीस.

मी आता जे लिहितो ते तुला माहीत आहे. पण मी ते कधी लिहिलं किंवा बोललो नाही, म्हणून लिहू दे.

त्या दिवशी आपण मर्लच्या जमिनीवर होतो, रेषेच्या पलीकडे. मर्ल माझा मालक. त्याच्या लाकडाच्या गिरणीत करवतीवर मी होतो आणि त्याची मर्जी होती म्हणून माझ्या हाताखाली माणसं होती. "ये माझ्याकडे, एल्वुड, परवान्याचं कोण बघतंय?" म्हणाला, तेव्हा मी शेपूट हलवत गेलो. दुपारी तुझा पाय ओढ्यात मुरगळला. तुला त्याच्या केबिनमध्ये शेकोटीशी बसवलं. आणि उजेड कमी व्हायच्या जरा आधी मला ते हरीण दिसलं, न्यूयॉर्कच्या मातीवर.

हरणाला पेनसिल्वेनियाच्या परवान्याचा बिल्ला लावायचा तर हरीण पेनसिल्वेनियात सापडायला हवं. म्हणून मी दोरी बांधून ते ओढत रेषेच्या अलीकडे आणायला निघालो, जिथे आपला ट्रक होता. मर्ल म्हणाला, "तू जा, पोरीला मी बघतो. लंगड्या पोरीला कुठे ओढत नेतोस? सकाळी ये आणि घेऊन जा." हे अगदी सरळ वाटलं मला. वाटावं असं मी ठरवलं.

ट्रक भरून सरळ गावात गेलो. दुकानासमोरचा तो आडवा खांब आठवतो ना, पहिल्या दिवशी सगळे हरणं टांगायचे आणि शिंगं पट्टीने मोजायचे? त्या वर्षी माझंच सगळ्यात मोठं होतं. लोकांनी पाठ थोपटली, बिअर पाजली. कुणीतरी विचारलं, "पोर कुठाय रे? तीही आली होती ना?" मर्लच्या केबिनमध्ये आहे म्हणालो असतो तर कळलं असतं आपण कुठे होतो. म्हणून म्हणालो, "कॅम्पात झोपलीय."

एवढंच. एका हरणासाठी मी तुला तिकडून उचलून इकडे ठेवलं. आणि मग मला वाटायला लागलं की तू खरंच इकडे होतीस.

तू लग्नाआधी आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगितलंस, तेव्हा मी काय म्हणालो ते मला चांगलं आठवतं. "मर्ल? अगं, मर्लने आपलं घर चालवलं." आणि वर, "तू तर त्या रात्री कॅम्पात होतीस." तू माझ्याकडे अशी बघत राहिलीस की जणू मी कुणी परका माणूस चुकून घरात शिरलोय. मग तू कोट घातलास आणि गेलीस. इतक्या लांब मिनेसोटाला कशाला गेली असं लोक विचारायचे, मी म्हणायचो, चांगली नोकरी आहे. लाज कशी लपवायची ते मला कुणी शिकवायला नको.

काल मर्ल आला होता. त्याचा मुलगा गाडी चालवतो आता, तो गाडीतच बसला. मर्लच्या हातात भोपळ्याची गोड पाई, छातीभर खोकला. खुर्चीत बसला आणि भिंतीकडे बघून हसला.

"काय देखणं आहे रे अजून. कुणाला सांगायचं हे कुठलं आहे?"

मी त्याला कॉफी ओतून दिली.

"एल्वुड, मला कोर्टात जायचंय म्हणून नाही आलो. जुन्या मित्राला भेटायला आलो. तू सही केलीस ते बरं केलंस. तू जबानी बदललीस की लोक म्हणणार, म्हातारा शपथेवर खोटं बोलला. हरीणचोर म्हणणार ते वेगळंच. पोरी काय, पोरींचं वय झालं की काहीबाही आठवतं."

तुझी आई दारात उभी होती, मला माहीत नव्हतं. ती आत आली, टेबलावरची पाई उचलली, बाहेर अंगणात जाऊन कोंबड्यांना घातली. भांड्यासकट. मर्ल उठला. जाताना मला म्हणाला, "तुझी बायको तापट झालीय हं." मी काय करायला हवं होतं? मी त्याच्यासाठी दार उघडून धरलं. सवयीने. दार बंद झाल्यावर तुझी आई म्हणाली, "अजून त्याच्याकडेच नोकरीला आहेस का?"

जेनेल, मी भित्रा आहे. तुला फक्त एवढं खरं आज सांगू शकतो.

डॅड


१९ डिसेंबर २०२१

जेनेल,

गावातल्या वकिलाकडे जाऊन आलो. तोच, जमिनींची कागदपत्रं करतो तो. विचारलं, परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यात हरीण मारलं, किती वर्षांनी पकडतात?

तो इतका हसला की चष्मा काढावा लागला. "एल्वुड, शहाऐंशीचं हरीण? त्याची मुदत कधीच संपली. तुला कुणी दंडसुद्धा करणार नाही."

मीही हसलो. बाहेर येऊन ट्रकमध्ये बसलो तेव्हा कळलं मी कशाला हसलो. हरणाची मुदत संपली होती, आणि मला पस्तीस वर्षं तिचीच भीती होती. तुझी मुदत संपत होती तेव्हा मी तिची आठवणसुद्धा ठेवली नाही.

शपथेच्या सहीबद्दल त्याने घाबरवलं नाही. पुढे कोर्टासमोर चुकीचं दुरुस्त केलं, आधी खोटं बोललो म्हणून सांगितलं, तर बहुतेक काही होत नाही. "तोंड मात्र काळं होईल," म्हणाला. जणू ते माझं पांढरं होतं.

मी तुझ्या वकीलबाईंना फोन करून सांगितलं, येतो. फेब्रुवारीत जबानी आहे, रेषेपलीकडच्या जिल्ह्याच्या गावात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. आठवत नाही असं लिहिलं होतं. त्याबद्दल आज एवढंच लिहितो, की ते वाक्य खोटं होतं. बाकीचं मी पत्रात लिहू शकत नाही, असं वाटतंय. बघू.

डॅड


२४ फेब्रुवारी २०२२

प्रिय जेनेल,

काल जबानी झाली. तू पडद्यावर होतीस, एका चौकोनात, कानात ती वायर घालून. केस पांढरे झालेत तुझे. मला वाटलं तू माझ्याकडे बघशील, पण पडद्यावर कोण कुठे बघतं ते कळत नाही. त्याचंच बरं वाटलं.

खोली लहान, खिडकीबाहेर उरलेला बर्फ, मध्ये लांब टेबल. मर्ल नव्हता, त्याची वकील होती. तरुण मुलगी, फार सभ्य. मी विचार केला, हिच्या बापाने हिला कॉलेजात धाडलंय. मग वाटलं, मी कुणाच्या बापाबद्दल बोलायला कुठे उरलोय?

तिने माझी सही केलेली जबानी पुढे ठेवली. "ही तुमची सही?" हो. "शपथेवर?" हो. "मग आज तुम्ही वेगळंच सांगताय."

"हो. आज खरं सांगतोय. हरीण न्यूयॉर्कमध्ये मारलं. मुलीला मर्लच्या केबिनमध्ये सोडलं. सकाळी तिथूनच आणलं. ती कॅम्पात नव्हतीच."

"म्हणजे पस्तीस वर्षं तुम्ही खोटं बोलत होतात?"

"हो, मॅडम."

"एका हरणासाठी?"

"आधी हरणासाठी. नंतर माझ्यासाठी."

तिने कागद उलटला. तुझ्या वकीलबाई कागदावर लिहीत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. मग त्या सभ्य मुलीने विचारलं, त्या रात्री केबिनमध्ये काय घडलं ते तुम्हाला प्रत्यक्ष माहीत आहे का? मी म्हणालो, नाही, मी गावात बिअर पीत होतो. तिने पुढच्या प्रश्नात तो शब्द वापरला, बलात्कार. आपल्या घरात तो कुणी कधी उच्चारला नव्हता. माझ्यासमोर तर तुझ्याबद्दल नाहीच.  मी पाणी मागितलं. कुणीतरी दिलं.

शेवटी त्यांनी विचारलं, आणखी काही जोडायचंय? मी नाही म्हणालो. त्यांना राज्य हवं होतं, ते मिळालं. बाहेर तुझ्या वकीलबाई म्हणाल्या, जागेचा मुद्दा आता मर्लच्या हातात राहिलेला नाही, दावा बहुतेक पुढे जाईल. माझ्याशी हात मिळवायला त्यांनी हात पुढे केला. मी मिळवला नाही. माझा हात मिळवण्यासारखा नाही असं वाटलं, आणि ते त्यांना सांगायलाही लाज वाटली, म्हणून टोपी नीट करतोय असं दाखवलं.

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. हॉलमध्ये जेवायला गेलो तर दोन टेबलं गप्प झाली. एकजण म्हणाला, "या, न्यूयॉर्कवाले!" कुणी हसलं नाही. तुझी आई म्हणाली, दुसरीकडे जेवू. आम्ही घरीच जेवलो.

आता तुझा प्रश्न.

मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी तिथे सांगितलं नाही. तुला सांगतो. मी ते कधीच विसरलो नव्हतो, एक दिवसही नाही. तू पहिल्यांदा सांगितलंस त्या स्वयंपाकघरातसुद्धा मला ते आठवत होतं, तुला खोटी ठरवताना.

मी हरीण ओढायची दोरी घ्यायला केबिनच्या दाराशी आलो होतो. तू शेकोटीजवळून उठलीस, लंगडत दारापर्यंत आलीस आणि माझ्या कोटाची बाही धरलीस. म्हणालीस, "डॅडी, मी पण येते. पाय दुखत नाही. दुखला तरी रडणार नाही." मर्ल तुझ्या मागे उभा होता, त्याचा हात तुझ्या खांद्यावर होता, आणि तू तो खांदा असा आक्रसून घेतला होतास की मला तो हात दिसला. मला दिसला, जेनेल. मी तो बघितला.

आणि मी तुझी बोटं एक एक करून बाहीवरून सोडवली, कारण उजेड जात होता आणि मला गावात पोचायचं होतं. म्हणालो, "लहान मुलीसारखं करू नकोस."

एल्वुड